उजवी मोटर

शेवटचा साधा दिवस शनिवार होता. चारच्या सुमारास ती दोन पुस्तकं बगलेत धरून बाबांकडे आली, आपल्या किल्लीने दार उघडलं आणि चपला काढता काढताच तिच्या कानावर मागच्या खोलीतली परीक्षा पडली.

"मिस्त्री, आधी काय?"

"आधी रिमोट, मग बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी, मग रिमोट."

"आणि त्याच्याही आधी?"

"बोटीचे पंखे काढायचे."

"का?"

"बोटं दहाच आहेत म्हणून."

मग दोघं हसली. मिस्त्री म्हणजे तिची वहिनी. दादा मालवाहू जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात सासरे आणि सून. सून दिवसभर एका प्रयोगशाळेत लोकांचे खोटे दात बनवायची आणि संध्याकाळी सासऱ्यांबरोबर बोटी. बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाल्यावर विजेवर चालणाऱ्या छोट्या बोटी बनवायला लागले होते. तसा नाद जुनाच, पण पूर्वी तो रविवारपुरता होता. आता त्याला अख्खी खोली मिळाली होती, आणि मिस्त्री मिळाली होती.

बाबा तिलाही टोपणनावानेच हाक मारायचे. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवायची, म्हणून ती विदुषी. नाव कौतुकाचंच होतं. पण विदुषीला कोणी पक्कड आणून दे म्हणत नाही.

ती दारात उभी राहिली. टेबलावर हातभर लांबीची टगबोट होती, मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावते तशी. वरचं झाकण उघडं, आत दोन मोटरी. डाव्या मोटरला स्पीड कंट्रोलर जोडलेला, उजवीचा अजून पाकिटात. काड्यापेटीएवढी ती वस्तू. रिमोटची दांडी जितकी पुढे ढकलाल तितकी वीज ती मोटरला सोडते. पण नव्या कंट्रोलरला दांडीचं टोक कुठे आणि मध्य कुठे हे ठाऊक नसतं, ते एकदा शिकवावं लागतं. दांडी टोकापर्यंत पुढे धरायची आणि बॅटरी जोडायची. तो दोनदा वाजतो, म्हणजे टोक कळलं. मग दांडी मध्यावर आणायची. तो एकदा लांब वाजतो, म्हणजे मध्यही कळला. पुन्हा कोणी शिकवेपर्यंत हे तो विसरत नाही.

"विदुषी, आलीस? हा कागद वाच जरा. अक्षरं नाहीत, मुंग्या छापल्यात."

तिने माहितीपत्रक हातात घेतलं. भाषांतर यंत्राने केलेलं असावं. "'मोटर प्रेमाने सुरू व्हावी अशी इच्छा असल्यास तिसऱ्या शिट्टीपाशी थांबा,'" तिने वाचलं. "'बॅटरीचे नाते उलटे जोडल्यास यंत्र प्राण सोडते.' बाबा, पहिल्याच परिच्छेदात अकरा चुका आहेत."

"चुका असू देत, अर्थ सांग."

"प्रेमाने म्हणजे हळूहळू असणार."

"मग प्रेमानेच ठेवा, बाबा," वहिनी म्हणाली. "टग आहे. शर्यतीची बोट नाही."

वहिनीने दांडी पुढे धरली. बाबांनी बॅटरी जोडली. दोन बीप. वहिनीने बाबांकडे बघितलं, बाबांनी नुसती मान हलवली, तिने दांडी सोडली, लांब बीप. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. पुस्तकं बगलेत धरून दारात उभ्या असलेल्या तिला वाटलं, नवराबायकोंचंसुद्धा इतकं जुळत नाही. आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण पोटात दुखत होतं ते खरंच दुखत होतं.

अकरा वर्षांची असताना तिने बाबांचा एक कंट्रोलर जाळला होता. लाल आणि काळी वायर उलटी जोडली, फट् झालं, धूर निघाला. बाबा रागावले नाहीत. "असू दे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला चार पुस्तकं आणून दिली, आणि त्यानंतर आणतच राहिले. ते बक्षीस होतं की हद्दपारी, हे तिला तीस वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं. "बसतेस का? डावी झाली. उजवी तू कर."

वहिनी अर्धवट उठलीसुद्धा. "बस की, वन्सं. ही घे खुर्ची."

तेवढं वहिनी बोलली नसती तर कदाचित ती बसली असती. पण आपल्याच बापाच्या खोलीत, दुसरीने रिकामी करून दिलेल्या खुर्चीवर?

"नको," ती म्हणाली. "तुमची मिस्त्री आहे ना. माझी प्रुफं पडलीत घरी."

"बरं," बाबा म्हणाले. "मग उद्या करू उजवी. आज डोळे दुखले."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना ते बेसिनपाशी कोसळले. वहिनीने तिला फोन केला तेव्हा नळ वाहतच होता. ती धावत आली आणि कसलंही भान नसल्यासारखी आधी तो नळ बंद करायला गेली.

दादा सहा दिवसांनी पोचला, दहा दिवस राहिला आणि परत जहाजावर गेला. भेटायला येणारे येत राहिले. रोज संध्याकाळी ती बाबांच्या घरी येऊन बसायची, आणि रोज संध्याकाळी तिला एकच गोष्ट दिसायची: लोक वहिनीचं सांत्वन करायला येत होते. तळ्यावर बाबांबरोबर बोटी सोडणारी मंडळी तर थेट वहिनीकडेच वळायची. त्यांतले एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी वहिनीचे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळे पुसत म्हणाले, "सून कसली हो, लेकच होतात तुम्ही त्यांची."

लेक समोरच्या खुर्चीवर बसली होती.

पोस्टमास्तरांना कोणीतरी कोपर मारलं असावं. "आणि या त्यांच्या... या पुस्तकांतल्या, नाही का?" ते गडबडून म्हणाले. "फार अभिमान होता हो त्यांना तुमचा."

"हो," ती म्हणाली. "पाणी आणू?"

स्वयंपाकघरात जाऊन ती ग्लास भरू लागली. वहिनीला दुःख करायचा हक्क नाही असं तिला वाटत नव्हतं. पण वहिनीचं दुःख तपशीलवार होतं. तिला ठाऊक होतं की बाबा कोणत्या पकडीला लाडकी म्हणायचे, वायरी सोल्डर करताना श्वास कसा रोखून धरायचे. लेकीकडे मोठे मोठे शब्द होते आणि तपशील एकही नव्हता.

चौथ्या आठवड्यात पोस्टमास्तरांचा फोन आला. येत्या रविवारी सगळ्यांनी तळ्यावर जमायचं आणि बाबांची टग पाण्यात सोडायची.

"उजवी राहिलीय अजून," वहिनी फोनवर म्हणाली. "शनिवारी सुटी आहे. करते मी."

करते मी. ती शेजारीच बसून हे ऐकत होती. आपल्याला या बाईने विचारलंही नाही, हा विचार तिने घरी नेला, उशाशी घेतला आणि सकाळी छापखान्यातही नेला. उजवी तू कर, असं बाबांनी कोणाला म्हटलं होतं? त्यांच्या तोंडून तिला मिळालेलं ते शेवटचं काम होतं. तिने ते नाकारलं होतं, ही गोष्ट वेगळी. नाकारलेलं काम परस्पर दुसऱ्याचं होतं का?

गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी दोनला घरात कोणी नसणार, हे तिला माहीत होतं.

मागची खोली बंदच होती. टग होती तशीच टेबलावर. तिने माहितीपत्रक तीनदा वाचलं, चुका मनातल्या मनात दुरुस्त करून एक स्वच्छ प्रत स्वतःसाठी लिहून काढली, आणि त्या कागदाबरहुकूम कामाला लागली. पंखे काढले. पाकिटातला कंट्रोलर उजव्या मोटरला जोडला. टोकं बाबांनी आधीच तयार करून ठेवली होती, नुसती एकमेकांत बसवायची होती. बॅटरीकडून आलेल्या वायरीला दोन फाटे होते, एक डावीकडे गेलेला, एक मोकळा. रिमोटकडून संदेश घेणाऱ्या डबीच्या वायरीलाही तसेच दोन. मोकळे फाटे तिने उजवीला लावले. लाल-काळं पुन्हा पुन्हा तपासलं. अकरा वर्षांच्या मुलीने जाळलं ते एकेचाळीस वर्षांची बाई जाळणार नव्हती.

रिमोट चालू केला. दांडी पूर्ण पुढे. बॅटरी जोडली.

बीप-बीप, बीप-बीप.

एकामागोमाग एक असे दोन आवाज, जरा मागेपुढे. तिने दांडी मध्यावर आणली. दोन लांब बीप, पुन्हा तसेच, एक दुसऱ्याच्या पाठीवर पाय देत असल्यासारखा. मग तिने दांडी हळूच ढकलली आणि दोन्ही मोटरी घोंगावत फिरू लागल्या. प्रेमाने नाही. झटक्यासरशी. हळू सुरू व्हायला शिकवायचं राहिलं होतं. पण फिरल्या. ती एकटीच मोठ्याने हसली.

हसू ओठावर असतानाच तिला आठवलं की शनिवारी एकाच कंट्रोलरचा आवाज आला होता.

माहितीपत्रक एका मोटरच्या बोटीसाठी होतं. दोन मोटरी असतील तर एकीला शिकवताना दुसरीचा फाटा काढून ठेवा, असं त्यात नव्हतं. कागदावर जे नसतं ते बाबांच्या हातात असायचं. तिने दांडी पुढे धरून बॅटरी जोडली तेव्हा दोन्ही कंट्रोलर कान टवकारून बसले होते. दोघांनीही तिचं टोक आणि तिचा मध्य शिकून घेतला. डावीतलं शनिवारचं टोक, वहिनीच्या अंगठ्याचं आणि बाबांच्या मान हलवण्याचं, पुसलं गेलं होतं.

आणि पहिल्यांदा तिला जे वाटलं ते दुःख नव्हतं. बरं वाटलं. आता या बोटीत तुमच्या दोघांचं काही उरलं नाही, असं स्पष्ट शब्दांत वाटलं. इतकं स्पष्ट, की तिने रिमोट खाली ठेवला आणि खुर्चीवर बसली. बॅटरी आधी काढायची हेही तिला थोड्या वेळाने सुचलं.

बोटीला काही झालं नव्हतं. रविवारी ती नीट चालली असती. पंखे लावून, उजवीचा कंट्रोलर काढून पाकिटात टाकून ती निघून गेली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. शनिवारी वहिनीने उजवी केली असती आणि डावी बाबांची आहे असं आयुष्यभर मानलं असतं. चार वाजले, पाच वाजले. ती उठली नाही.

सहाला वहिनी आली. मागच्या खोलीचं दार उघडं पाहून थबकली. तिची नजर आधी टेबलावर काढून ठेवलेल्या पंख्यांवर गेली, मग नणंदेवर.

"उजवी केलीस?"

"हो."

"डावी काढून ठेवली होतीस ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "नाही," ती म्हणाली.

वहिनीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नाही. तशीच उभी राहिली. "दोन्ही वाजले?"

"दोन्ही."

"चार आठवडे," वहिनी म्हणाली, "चार आठवडे मी त्या बोटीला बॅटरी लावली नाही. धूळसुद्धा फुंकून उडवते, फडकं लावत नाही. तुला ठाऊक आहे का, त्या दिवशी त्यांनी... जाऊ दे."

"बोट चालते, वहिनी. पहिल्यासारखीच चालेल."

"चालेल गं! चालण्याचं कोण बोलतंय?" वहिनीचा आवाज पहिल्यांदाच चढला. इतक्या वर्षांत तिने तो चढलेला ऐकला नव्हता. "दात बनवते मी. एकासारखा दुसरा हुबेहूब बनवते, रोज. म्हणून तो पहिला होतो का? शनिवारी करणारच होते ना मी? करायचीच होती तर एक फोन करायचास. दोघींनी केली असती. पंखे काढून, गुपचूप, मी नसताना... का?"

तिच्याकडे उत्तरं तयार होती. बाबांनी मला सांगितलं होतं. माझाही हक्क आहे. मला वाटलं तू दमलेली असशील. तिन्ही शुद्ध, एकाही ठिकाणी लाल शाई लागली नसती.

"तू करू नयेस म्हणून," ती म्हणाली.

वहिनीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मला तुझा हेवा वाटतो, वहिनी. या घरात आल्यापासून वाटतो. पुस्तकं घेऊन दारात उभी राहायचे ना मी, तेव्हा मनात म्हणायचे, आज हिला सुटी नसती तर बरं झालं असतं. पुसलं गेलं हे कळलं तेव्हा मघाशी मला बरं वाटलं. थोडा वेळच, पण वाटलं." तिने टेबलावरचा रिमोट दोन्ही हातांत धरला. "आणि बाबा म्हणाले ना, उजवी तू कर? मला करायची होती. मला तीस वर्षं करायची होती. इतकी, की तुझ्यासमोर हो म्हणवलं नाही."