पाहुण्यांपुरता

पाहुणे यायचे म्हटलं की आमच्या घरात सगळ्यात आधी बदलते ती न्हाणीघरातली फळी. एरवी तिच्यावर एक साबण, दात घासायचे ब्रश आणि माझी गुडघ्याला चोळायची बाटली. पाहुण्यांचा फोन आला की सून पलंगाखालचं खोकं ओढते. त्यातून माझ्या मुलाचा दाढीचा ब्रश, त्याचा कंगवा, अर्धी संपलेली तेलाची बाटली काढून फळीवर मांडते. दोन शर्ट खुंटीला अडकवते, जुन्या चपलांचा जोड उंबऱ्याशी ठेवते. मग दोन पावलं मागे सरकून बघते. दुपारच्या बोटीनं मुलगा येतो.

आमचं बेट लहान. धक्क्यावरून चढाला लागलं की दमायच्या आत आमचं घर येतं. मागच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. सुट्टीवर येणाऱ्या माणसांना म्हणे हॉटेल नको असतं, घरचं हवं असतं. सुनेनं फोनवर जी जाहिरात टाकली आहे तिच्यात आमचा चौघांचा फोटो आहे: मी, मुलगा, सून आणि तिच्या कडेवर नात. खाली लिहिलंय, ‘आमच्या कुटुंबात राहायला या.’ फोटो काढला तेव्हा कुटुंब होतं, एवढं मी सांगू शकते.

मुलगा बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री. हाताला गुण आहे, पण पायाला भिंगरी. पलीकडच्या मोठ्या बंदरात काम मिळालं, मग तो आठवड्यानं यायचा, मग पंधरवड्यानं, मग मनात येईल तेव्हा. दारू नाही, दुसरी बाई नाही. असती तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्याला घरात चैनच पडायची नाही, बस्स. शेवटी सून एकदा म्हणाली, “असं डोकावून जाऊ नकोस. यायचं तर राहायला ये, नाहीतर येऊ नकोस.” तो आलाच नाही. मी मात्र सुनेकडे राहिले. तिनं विचारलं, “आई, तुम्ही कुठे जाणार?” मला तरी कुठे माहीत होतं?

मग एका पाहुण्यानं जेवता जेवता विचारलं, “फोटोतले साहेब दिसत नाहीत?” बिचाऱ्यानं सहज विचारलं होतं. पण सुनेनं वाढायची वाटी तशीच खाली ठेवली. तिला वाटलं, आपण फसवतोय असं हा माणूस जगाला सांगत फिरणार. पुढचे पाहुणे यायच्या आधी तिनं मुलाला निरोप धाडला, आणि तो आला. बायकोसाठी न येणारा माणूस परक्यांसाठी आला. तेव्हापासून हे नाटक चालू आहे. नात ठकू दुसरीत आहे. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते, “पाहुणे कधी येणार?” लोकांना वाटतं, पोर काय अगत्याची आहे.

या खेपेला आले ते दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. बाई नुसत्या बसायला आल्या होत्या, आणि बसल्या. डॉक्टरांना मात्र बसवेना. पहिल्या दिवशी त्यांनी समुद्र बघितला, दुसऱ्या दिवशी माझी दाढ. “आजी, ही काढायला हवी,” म्हणाले. मी म्हटलं, “राहू दे हो, तिच्याशिवाय माझ्याशी भांडायला कोण आहे?”

आणि मुलगा? काय सांगू, असा मुलगा आणि असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. पहाटे उठून मासे आणले. पाण्याचा पंप कधीचा कुरकुरत होता, तो खोलून साफ केला. डॉक्टरांना उथळ पाण्यात नेऊन प्रवाळ दाखवले, बाईंसाठी सावलीत खुर्ची टाकली, ठकूची वेणी घातली. वेणी तिरकी झाली, पण पोरीनं ती झोपतानाही सोडू दिली नाही. रात्री अंथरूण ओसरीवर. का, तर आत उकडतं. पाहुण्यांना ते पटलं, कारण खरंच उकडत होतं.

तिसऱ्या संध्याकाळी जेवायला बसलो असताना तो बंदरातल्या एका कप्तानाची गोष्ट सांगत होता. कप्तान इंजिनाला बायकोच्या नावानं हाक मारायचा आणि बायकोला इंजिनाच्या आवाजात. सून वाढत होती. ती एकदम हसली. पाहुण्यांसाठी हसते तसं नाही. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, आमच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा हसायची तसं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मनात म्हटलं, अजून चार दिवस मिळाले तर हे जुळेल. माणसाला सवय लागायला असे कितीसे दिवस लागतात?

पण दुसऱ्या दिवशी बोट होती. बोट आठवड्यातून दोनदाच. सकाळी डॉक्टर ओसरीवर आले आणि मी बोलून गेले, “आज जाऊ नका. समुद्र खवळणार आहे.”

समुद्र तेल ओतल्यासारखा पडला होता. डॉक्टरांनी तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पण बेटावरच्या म्हातारीला समुद्रातलं कळतं अशी शहरातल्या लोकांची समजूत असते. मला पोहतासुद्धा येत नाही. बाई आतून म्हणाल्या, “आजी म्हणतायत तर राहू या की.” त्यांना खुर्ची सोडवत नव्हतीच.

सुनेनं मला चुलीपाशी गाठलं. हातात मासा, दुसऱ्या हातात सुरी.

“आई, समुद्र कुठे खवळलाय?”

“माझ्या गुडघ्यात.”

“चेष्टा पुरे. मी किती दिवस हसत बसू?”

“काल तू खोटं हसली नाहीस.”

तिनं माशाचं डोकं एका घावात उडवलं. पाठमोरी होऊन ती खवले काढायला लागली. मग म्हणाली, “तेच तर. खोटं हसले असते तर मला झोप लागली असती.”

यावर शहाण्या बाईनं गप्प बसावं. मी बसले, पण मनातून हरखले होते.

पुढचे दिवस मात्र माझ्या अंदाजाप्रमाणे गेले नाहीत. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. हे पाहुण्यांना लागू पडायचं, ते आमच्या मुलाला लागू पडलं. पंप चालू होता तरी त्यानं तो पुन्हा खोलला. दाराची बिजागरी काढली, तेल लावलं, बसवली, परत काढली. सकाळी एकदा धक्क्यावर जाऊन आला, दुपारी पुन्हा. काय बघून आलास विचारलं तर म्हणे, “काही नाही, असंच.” धक्क्यावर त्या दिवसांत एक कुत्रं आणि दोन रिकामी पिंपं, याखेरीज काही नव्हतं. ठकू त्याच्या मागे मागे. तो न्हाणीघरात गेला तर ही दाराबाहेर उकिडवी. त्यानं चपलेत पाय घातला की हिचा चेहरा उतरे. ते बघून मलाही बसवेना. कारण नसताना मी डाळ दोनदा निवडली.

डॉक्टरांच्या बाई म्हणाल्या, “आजी, तुमचा मुलगा घरात किती रमतो हो. आमचे बघा, सुट्टीतसुद्धा चुळबुळ.” मी म्हटलं, “हो, माझाच आहे तो.” हे उत्तर कशाचं होतं, देव जाणे.

बोटीच्या आदल्या दुपारी पाहुणे जेवून झोपले. ठकू माझ्या कुशीत, डोळे मिटून जागी. ओसरीवर सून त्याच्याशी बोलत होती. आमची भिंत फळ्यांची, तिला कान लावावा लागत नाही.

“उद्या ते जातील,” सून म्हणाली. “तू नाही गेलास तरी चालेल.”

पलीकडून बिजागरी हलवल्याचा आवाज आला.

“ऐकलंस का?”

“ऐकलं.”

“मग?”

“बघतो.”

हा ‘बघतो’ मी त्याच्या बापाकडून जन्मभर ऐकला होता. पण त्या घडीला मला तोही होकारच वाटला. त्या आनंदात पुढचं मी अर्धंच ऐकलं. तो म्हणत होता, “पाहुणे असले की मला काम असतं. आणायचं, दाखवायचं, सांगायचं. सगळे गेले, की मग मी इथे काय करायचं, तूच सांग.” सून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. ठकूनं डोळे उघडले आणि मी तिच्या कानात सांगितलं, “बाबा आता राहणार आहे.”

ती ओरडली नाही, नाचली नाही. नुसतं विचारलं, “पाहुणे नसले तरी?” मी म्हटलं, “पाहुणे नसले तरी.” मग ती खरीच झोपली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दुपारची झोपली.

सकाळी सगळे धक्क्यावर गेलो. मुलानं डॉक्टरांच्या दोन्ही बॅगा उचलल्या. त्याची स्वतःची पिशवी कुठे दिसेना. मी सुनेकडे पाहिलं, तिनंही पाहून घेतलं होतं. तिनं केस नीट बांधले होते. डॉक्टर मला म्हणाले, “दाढेचं विसरू नका.” बाई सुनेच्या गळ्यात पडल्या. म्हणाल्या, “असं घर नशिबानं मिळतं.” सून म्हणाली, “पुन्हा या.”

बॅगा घेऊन मुलगा बोटीत उतरला. बाईंना हात देऊन बसवलं, डॉक्टरांना सावलीची बाजू दिली. मग इंजिनापाशी वाकला. नावाड्याला काहीतरी विचारलं, इंजिनावर हात ठेवला, कान लावला. नावाड्यानं दोर सोडला. मी हाक मारणार होते. तोंड उघडलं, पण सुनेनं माझा दंड धरला. जोरात नाही, नुसता धरला. बोट सुटली. तो तसाच वाकलेला होता. लांब गेल्यावर सरळ झाला आणि त्यानं हात वर केला. त्याच्या खांद्यावर पिशवी होती. पहाटेच कधीतरी बोटीत नेऊन ठेवली असणार.

डॉक्टर आणि बाई जोरजोरात हात हलवत होते. यजमान आपल्याला पार पलीकडे पोचवायला निघाले, असं त्यांना वाटलं असावं.

ठकूही हात हलवत होती. बोट बोटाएवढी दिसायला लागल्यावर तिनं मला विचारलं, “बाबा त्यांना सोडून परत येणार ना?”

सुनेनं माझा दंड सोडला. “सांगा आई,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मला दुसरं खोटं सुचत नव्हतं असं नाही, चांगली तीन-चार सुचली. दुपारच्या बोटीनं येईल. काम आलंय. पुढच्या आठवड्यात नक्की. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

“नाही येणार,” मी म्हटलं. “मी तुला खोटं सांगितलं.”

“का?”

“मला तसं हवं होतं म्हणून.”

तिनं माझ्या हातातला हात काढून घेतला आणि आईच्या पलीकडून चालायला लागली. चढावर मी मागे पडले. दोघींपैकी कोणी थांबलं नाही, आणि थांबावं असं मला म्हणवेना. रडू येत होतं, पण धाप लागलेली असताना रडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

अर्ध्या चढावर सुनेचा फोन वाजला. ती थांबली, म्हणून मी त्यांच्यापर्यंत पोचले. नवे पाहुणे होते. नवरा-बायको आणि एक मूल, शनिवारपासून. फोनमधला माणूस मोठ्यानं बोलत होता, मलाही ऐकू येत होतं. जेवणाचं विचारलं, बोटीचं विचारलं. मग म्हणाला, “घरात कोण कोण असता तुम्ही?”

सुनेनं फोन छातीशी धरला. ठकू मान वर करून आईकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांत तेच होतं, पाहुणे येणार म्हटल्यावर दर वेळी येतं ते. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर निरोप गेला असता आणि शनिवारी दुपारच्या बोटीनं माझा मुलगा आला असता. मासे आणले असते, वेणी घातली असती. देवाशपथ सांगते, मला तो हवा होता.

“तिघी असतो म्हणून सांग,” मी म्हटलं.

“आम्ही तिघीच असतो,” सून फोनमध्ये म्हणाली. “मी, सासूबाई आणि मुलगी.”

मग त्या माणसानं विचारलं, “बरं, आणि खोलीत पंखा आहे ना?”

“आहे,” सून म्हणाली.