तळघरातली खीर

सापळ्यातल्या चीजला उंदराने तोंडही लावलं नव्हतं, पण तुरिलच्या सणाच्या झग्याची बाही मात्र कुरतडून ठेवली होती. ती तणतणत तळघरात उतरली, तर तिथे खिरीच्या वाटीत बसून उंदीर खिरीवर घातलेलं लोणी चापत होता!

“ओडवार, ही वाटी कुणी ठेवली?”

“मीच,” नवरा वरून म्हणाला. “नाताळात घर राखणाऱ्या अदृश्य बुटक्याला खीर नको का? रोज चाटूनपुसून खातो बिचारा. नाही दिली तर चिडतो आणि घराचं वाटोळं करतो.”

“बुटका कसला डोंबलाचा! उंदीर पोसलास तू!” तिने वर येऊन वाटी दाणकन त्याच्यापुढे आपटली. “लग्न झाल्यापासून मला कधी कपभर कॉफी करून दिलीस? हे घर मी राखते. उद्यापासून खीर माझ्यापुढे ठेवायची!”