फोरमनच्या बाह्या

स्वेटर घातला तर घरात शांतता, बायकोचं हसू आणि निवृत्तीनंतर दुपारचा चहा न मागता मिळण्याची दाट शक्यता, एवढा फायदा फोरमनने सकाळीच धरून ठेवला होता. तोटा एकच, बाह्या. बायकोने दोन हिवाळे खपून विणलेल्या, मनगटाशी आणखी एक हात मावेल इतक्या ऐसपैस.

लेथवर सैल बाही चालत नाही, हा नियम वर्कशॉपमध्ये आणला होता फोरमननेच. बाही, मफलर, अंगठी, लोंबती वेणी यांच्याशी त्याचा अठ्ठावीस वर्षांचा उभा दावा. फिरतं मशीन आधी धागा पकडतं, मग बाही, मग हात, हे तो नव्या माणसाला नाव विचारण्याआधी सांगे. धोका दिसेल त्याने लाल बटण दाबायचं, मशीनवर कोणी का असेना, हाही त्याचाच दंडक.

त्याने तोड काढली. दिवसभर कामाच्या कपड्यांत वावरायचं, चारला निरोप समारंभ, बायको यायच्या आत स्वेटर चढवायचा. पावणेचारला त्याने तेलकट शर्ट पिशवीत कोंबला आणि बनियनवरच स्वेटर घातला. बनियनची भोकं स्वेटरखाली कोण मोजणार?

भाषणं झाली. बायको पहिल्या खुर्चीत, नजर स्वेटरवर. तेवढ्यात मालकांना लहर आली.

"फोरमन, शेवटचा एक जॉब आमच्यासमोर होऊन जाऊ द्या. वहिनींनी तुम्हाला मशीनवर कधी पाहिलंय का?"

"कधीच नाही," म्हणत बायकोने खुर्ची पुढे ओढली.

फोरमन लेथपाशी गेला. बाह्या वर सारल्या; त्या पुन्हा खाली घसरल्या. मिनिटभराचं तर काम, तो मनाशी म्हणाला. हेच दुसरा कोणी म्हणाला असता, तर त्याने त्याला दाराबाहेर काढलं असतं. मशीन फिरू लागलं, त्याने हात पुढे केला, आणि ते घरघरत थांबलं.

लाल बटणावर शेजारच्या ड्रिल मशीनवरच्या मुलीचा अंगठा होता. वेणी टोपीत नाही म्हणून याच फोरमनने तिला तीनदा घरी पाठवलं होतं.

"काका, बाही."

"अगं, आज शेवटचा दिवस आहे माझा."

"म्हणूनच म्हणते. स्वेटर काढा."

"काढता येत नाही." त्याने आवाज खाली आणला. "आत बनियन आहे."

"मग असू दे की."

"ते असून नसल्यासारखंच आहे गं."

वर्कशॉपभर हशा उसळला. बायको उठली. आता दोन हिवाळ्यांच्या कष्टांचा विषय चारचौघांत निघणार, म्हणून फोरमनने मान खाली घातली. तिने विणकामाच्या पिशवीतून कात्री काढली, "हलू नका" म्हणाली, खांद्याशी टाका कापला आणि दोरा सरसर ओढला. एक बाही सुटली, मग दुसरी.

"बाही चालत नाही हे सगळ्या गावाला सांगितलंत," ती म्हणाली, "घरी एकदा सांगायला काय झालं होतं? बिनबाह्यांचा एका हिवाळ्यात झाला असता."

लेथ पुन्हा फिरला. पितळेचा सोनेरी कीस उडाला आणि फोरमनच्या हाती एक इवलासा भोवरा आला. बायकोने तो तिथेच टेबलावर फिरवून पाहिला. पडेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

घरी जाताना बोचरा वारा सुटला. सुटलेल्या बाह्या बायकोने स्वतःच्या हातांत चढवल्या होत्या, भोवरा तिच्या मुठीत होता, आणि फोरमनची बोटं दहाच्या दहा शाबूत होती. थंडीचा तोटा तेवढा त्याच्या उघड्या दंडांनी सोसला.