खांबाला बांधलेल्या चेंडूची मधली सुट्टी

मी खांबाचा चेंडू बोलतोय! हो, मैदानभर पळणारा नव्हे, दोरीनं लोखंडी खांबाला टांगलेला. माझा खेळ सोपा आहे. दोघं समोरासमोर उभे राहतात, मला उलटसुलट ठोसे मारतात. ज्याच्या बाजूनं दोरी खांबाला पूर्ण गुंडाळली जाते, तो जिंकतो. हरला की रांगेच्या शेवटी.

मदेरा गावातल्या आमच्या शाळेत बहुतेक पोरांचे आईबाप द्राक्षं नाहीतर बदाम तोडायला जातात. नवे बूट सगळ्यांकडेच कमी. तरी चिडवायला पोरांना काहीतरी सापडतंच!

पाचवीतली डमारिस उंच. ती मला वरच्या वर फिरवायची, बुटक्यांचा हातच पोचायचा नाही. तिच्याच वर्गातल्या यारेलीचं घर दूरच्या ओहाका मुलखातून आलेलं, घरी तिकडची जुनी भाषा बोलणारं. यारेली रांगेकडे नुसती वळली तरी डमारिस ओरडायची, "ए ओहाकाची बुटकी, शिडी आण आधी! आणि घरी काय गं बोलता तुम्ही, चिमण्यांची भाषा?"

रांग खिदळायची. यारेली भिंतीला टेकून सुट्टी काढायची.

एके दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच माझ्यापाशी आली. इकडेतिकडे बघितलं आणि मूठ हाणली. बाप रे! माझी शिवणच हलली! व्यायाम शिकवणाऱ्या लुपेबाई कुंपणाचं दार लावायला आल्या होत्या, त्या थबकल्याच.

"हा हात कुठून आणलास गं?"

"बाबा दर रविवारी गाववाल्यांबरोबर आमच्याकडचा मुठीनं चेंडू मारायचा खेळ खेळतात. त्यांचा चेंडू किलोभराचा असतो, बाई. मीपण मारते."

"मग उद्या रांगेत उभी राहा की."

"डमारिस हाकलते."

"हाकलू दे. तू हलू नकोस. मी आहे इथंच."

दुसऱ्या दिवशी यारेली रांगेत आली. शिडीचा विनोद झाला, चिमण्यांचा झाला. ती हलली नाही. आणि तिची पाळी आली!

डमारिसनं मला उंच भिरकावलं. एक फेरा, दुसरा, तिसरा! यारेलीनं उडीसुद्धा मारली नाही. मी तिच्या बाजूला जरा खाली उतरलो, तेवढ्यात खालून वर असा ठोसा बसला की मी सुसाट निघालो, थेट डमारिसच्या डोक्यावरून! तिनं हात वर केले, उडी मारली, मी पार! पुन्हा ठोसा, पुन्हा पार! रांग नाचायला लागली. दोरी उलगडली, दुसऱ्या बाजूनं गुंडाळत गेली, आणि मी खांबावर थाडकन आपटलो.

"फाउल! दोरीला हात लावला हिनं!" डमारिस किंचाळली.

रांगेतला तिचाच दोस्त एलिसेओ हळूच म्हणाला, "नाही लागला."

"नाही लागला, मी बघितलं!" मागून आणखी कोणीतरी. मग अख्खी रांगच!

डमारिस लाल होऊन रांगेच्या शेवटी गेली. तिची पाळी पुन्हा आली तेव्हा मला वाटलं, आता यारेली उट्टं काढणार. पण तिनं मला डमारिसकडे ढकललं. "तू सुरू कर."

डमारिसनं मला धरूनच ठेवलं. मग पुटपुटली, "तो खालून मारतेस ना… कसा मारतेस?"

"मूठ अशी वळव. अंगठा बाहेर."

आता माझी कातडी सोलवटली आहे, हवाही जरा कमी झाली आहे. पण मुलांनो, अजून दम आहे! राग आला तर माझ्याकडे या आणि मलाच हाणा. मला लागत नाही. ज्यांना लागतं, त्यांना मात्र रांगेत जागा द्या.

चला, कोणाची पाळी?