शिंप्याच्या भिंतीवरचा नकाशा

मित्रांनो, एका शिवणकामाच्या दुकानात टांगलेला मी म्हातारा नकाशा आहे. अंगावर इतकी भोकं आहेत की उजेडासमोर धरलंत तर चाळण म्हणाल. पण माझा जन्म काही टाचण्या टोचून घ्यायला झाला नव्हता.

छापखान्यात माझ्यावर एक दूरचा देश छापला, नद्या, डोंगर, रस्ते सगळं. पाठीला कापड चिकटवलं आणि मला शाळेत पाठवलं. तिथे माझा फार मान होता. मुलं छडीच्या टोकाने नद्या शोधायची आणि सापडल्या की शाबासकी मिळवायची. पुढे चकचकीत नवे नकाशे आले आणि मी आधी कपाटावर, मग रद्दीत गेलो. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय.

या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांनी चार रद्दीवाले पालथे घातले तेव्हा मी सापडलो. त्यांची मुलगी परिचारिका. माणसांना सुया टोचते, पण घरात अजून चिमणीच. ती माझ्यावरच्या देशातल्या एका रुग्णालयात नोकरीला गेली, आणि वर्ष सरायच्या आत तिथे युद्ध पेटलं.

तिच्या गावावर मास्तरांनी निळ्या मण्याची टाचणी लावली. लढाई जिथवर आली होती तिथे टाचण्यांची रांग लावून त्यांना लाल दोरा गुंडाळला. रोज सकाळी दुकानातल्या टीव्हीवर तज्ज्ञ बसत. त्यांनी फौजा पुढे सरकल्या म्हटलं, की मास्तर गळ्यातली टेप काढत आणि कालच्या जागेपासून दोरा सूतभर पुढे घेत. शेजारचे निवृत्त पोस्टमन आदल्या दिवशीची चर्चा स्वतःच्या डोक्यातली असल्यासारखी ऐकवत. एकदा या नादात मास्तरांच्या हातून पोस्टमनच्याच पायजम्याचा एक पाय आखूड शिवला गेला. तरी दुसऱ्या दिवशी पोस्टमन तोच पायजमा घालून बातम्यांना हजर.

मला या दोघांची गंमत वाटायची आणि मास्तरांची कीवही यायची. हातात काही नसलेला बाप निदान टेप तरी हातात धरतो.

चिमणीची आई काज-बटणाला दुकानात बसे. बातम्या लागल्या की ती पाठ फिरवी. पण दुपारी मास्तर आत जेवायला गेले की ती उठे, माझ्यासमोर उभी राही आणि लाल दोरा टाचण्यांसकट निळ्या मण्यापासून हळूच मागे सारी. मग पुन्हा बटणं. मास्तर दुसऱ्या दिवशी तिथूनच मोजत. कापडाचं माप ते दोनदा घ्यायचे, पण दोऱ्याचं कधी तपासलं नाही. बातम्यांतलं युद्ध जवळ येत होतं आणि माझ्या अंगावरचं मात्र जागच्या जागी होतं. मला सगळं दिसत होतं, पण नकाशाला कुठली आलीय वाचा.

एका दुपारी चिमणीचा फोन आला.

“बाबा, रुग्णालय रिकामं करतायत. एक बस नदीच्या रस्त्याने निघतेय, एक डोंगरातून. तुम्ही रोज सगळं बघता ना, कुठल्या बसने येऊ?”

मास्तरांनी टेप लावली. नदीचा रस्ता दोऱ्यापासून चांगला लांब होता. “नदीकडून ये बाळ. तिकडे अजून कुणी पोचलेलं नाही.”

“थांबा,” आई म्हणाली. तिच्या हातातला सदरा खाली पडला होता. “तो दोरा खरा नाही. मी सरकवते रोज.”

“काय करतेस?”

“तिच्या इतका जवळ मला बघवत नव्हता हो.”

मास्तर तिच्याकडे वळले. मला वाटलं, आता आभाळ फाटणार. त्यांनी टेप खाली ठेवली आणि फोनमध्ये म्हणाले, “चिमणे, ऐक. मला काही कळत नाही. मी इथे बसून नुसता टीव्ही बघतो गं. त्या रस्त्यांवरून रोज ये-जा करणारं कुणी आहे का तिथे?”

“रुग्णवाहिकेचे चालक आहेत. ते म्हणतात डोंगरातून.”

“मग त्यांचंच ऐक.”

फोन कटला. मास्तरांनी टीव्ही बंद केला आणि आईजवळ स्टुलावर बसले. “तू दोरा मागे नेत होतीस,” ते म्हणाले, “आणि मी तो रोज तिच्या अंगावर घालत होतो. कुणाला बोलू मी?” तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. पुढचे दोन दिवस दुकानात एक टाका पडला नाही.

तिसऱ्या दिवशी सीमेपलीकडून फोन आला. चिमणी सुखरूप होती. नदीच्या रस्त्यावरचा पूल त्याच दुपारी पडल्याचं नंतर बातम्यांत दाखवलं. मास्तर ते बघू शकले नाहीत.

ती घरी आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, हीही टाचणी उचलणार. पण तिने नुसतं बोट ठेवलं. “इथे माझी म्हातारी घरमालकीण राहते. कोंबड्या सोडून येणार नाही म्हणाली. इथे आमचा पाववाला.” ज्या भोकांतून दोरा पुढे गेला होता, त्यांवरून तिचं बोट फिरत होतं. इतक्या हलक्या हाताने मला शाळेतही कुणी कधी शिवलं नव्हतं. मास्तरांनी एकेक करून सगळ्या टाचण्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आले. “मास्तर, आज कुठवर पोचले?”

“ते तुम्हीच बघा,” मास्तर म्हणाले. “आणि एका कोंबड्यांवाल्या म्हातारीचं काय झालं, ते सांगतात का तेही बघा.”

मित्रांनो, युद्धाच्या बातम्या जरूर बघा. पण पडद्यावर बाण पुढे सरकला, की त्याच्या टोकाखाली कोण राहतं ते एकदा विचारा. मी कापड लावलेला कागद आहे, मला टोचलेलं चालतं. चिमणी मात्र त्या म्हातारीला रोज फोन लावते. तिकडे घंटा वाजत राहते, आणि आम्ही सगळे ऐकत असतो.