सात दिवसांचा सांधा

सुताराने डब्यातल्या इपॉक्सी डिंकात तो घट्ट करणारा हार्डनर ओतला आणि घड्याळावर नजर ठेवून काडीने ढवळू लागला. पूर्वी तो अंदाजपंचे ओतायचा. आता वजनकाट्यावर तोलल्याशिवाय थेंब पडू देत नसे. पालथ्या बोटीचा शेवटचा सांधा भरायचा होता. मग वॉर्निशचे सहा हात, की झालं.

दारात धाकट्या भावाची बायको उभी होती. दोन वर्षांत ती या शेडकडे फिरकली नव्हती. धाकटा बुडाला तो इथेच बनवलेल्या बोटीतून. भर पाण्यात तळाचा सांधा उकलला होता. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण कामं आटली. आपलंच माप चुकलं, हे सुताराने मनाशी कधीच धरलं होतं.

“ये. वास सोसवेल ना?”

ती आत आली. बोटीवर तळवा टेकवून म्हणाली, “दादा, हे पक्कं व्हायला किती दिवस?”

“सात.”

“तेव्हाही सातच सांगून परगावी गेला होतात. निरोप माझ्याकडे होता.”

ढवळणारी काडी थबकली.

“तिसऱ्याच दिवशी ह्यांनी विचारलं, नेऊ का? सकाळपासून आमचं वाजलं होतं. मी म्हटलं, न्या एकदाची. फेरी मारून आले. सांधा पांढुरका पडला होता. तुम्ही चिडाल म्हणून मीच वरून वॉर्निश फिरवलं.”

परगावाहून आल्यावर ते सफाईदार वॉर्निश पाहून सुताराने धाकट्याची पाठ थोपटली होती. धाकटा नुसता हसला होता. पुढच्याच आठवड्यात तो गेला.

मिश्रण वापरायची वेळ टळली, तसा हातातला डबा तापून चटका बसू लागला. सुताराने तो दाराबाहेर ठेवला. आतलं मिश्रण धूर सोडत दगडासारखं झालं.

“आज आईंना सांगणार आहे,” ती म्हणाली. “उठता-बसता तुमचा उद्धार करतात. आता ऐकवत नाही.”

सुताराने दुसरा डबा वजनकाट्यावर ठेवला.

“आईला दिसत नाही,” तो म्हणाला. “घास कोण भरवतं?”

“मीच.”

“मग सांगायचं राहू दे.”