सायलस थॉर्नची टोपी

"अहो, तुम्ही वारलात की," हॅना म्हणाली आणि तिनं वर्तमानपत्र नवऱ्याच्या बशीशेजारी टाकलं.

'इंग्लंडचे जुने रग्बी खेळाडू, प्रेस्टनचे पबमालक सायलस थॉर्न यांचे निधन.' एझ्रा क्लेगनं बातमी दोनदा वाचली. इंग्लंडकडून खेळलेला सायलस थॉर्न तो स्वतः होता. बाप पडला कडक धर्मोपदेशक. चेंडूमागं धावणं म्हणजे त्याच्या लेखी नरकाची वाट. म्हणून तेहेतीस वर्षांपूर्वी पोरानं मनाला येईल ते नाव सांगून स्कॉटलंडविरुद्ध एकच सामना खेळला, आणि मग जन्मभर रॉचडेलच्या गिरणीत कापड मोजलं. बाप गेल्यावरही खरं सांगायचं राहूनच गेलं. हॅनाशिवाय कुणाला पत्ता नव्हता.

"मेल्यावरसुद्धा माझ्या नावावर मिरवतोय, चोर लेकाचा."

इंग्लंडकडून खेळणाऱ्याला मिळते ती मखमली टोपी, गुलाबाचं भरतकाम केलेली, त्यानं डब्यातून काढून खिशात कोंबली. चारचौघांत दाखवायची, बस्स.

प्रेस्टनला थॉर्नच्या घरी पुढच्याच खोलीत शवपेटी ठेवली होती. थॉर्नबाई दारात आल्या. "तुम्ही यांच्या ओळखीचे?"

"त्या सामन्याला मैदानावर होतो मी."

"मग सांगा हो माझ्या भावाला, हे खेळले होते म्हणून."

भाऊ केक खात उभा होता. "ताई, आता तरी पुरे कर. टोपी कुणी पाहिलीय कधी? म्हणे, घर बदलताना हरवली. थापाड्या होता तुझा नवरा."

बाई नुसत्या लाल झाल्या. एझ्राचा हात खिशात गेला. तेवढ्यात पेटीवरची पितळी पट्टी त्याला दिसली: सायलस थॉर्न, जन्म १८५१.

म्हणजे एझ्राला ते नाव सुचलं त्याच्या कितीतरी आधीपासून ते त्या माणसाचं जन्माचं नाव होतं. चोरलं होतं ते एझ्रानं, आणि आयुष्यभर हा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

"हरवली नव्हती," तो म्हणाला. "सामन्यानंतर माझ्या सामानात आली. द्यायची राहून गेली, बाई. माफ करा."

त्यानं टोपी पेटीवर ठेवली. भावानं बशी खाली ठेवली. बाई कितीतरी वेळ टोपीचा गोंडा सरळ करत राहिल्या.

संध्याकाळी हॅनानं विचारलं, "दाखवलीत टोपी?"

"ज्याच्या नावाची, त्याला दिली."

तिनं टोपीचा रिकामा डबा पुसला आणि त्यात शिवणाची बटणं भरायला घेतली.